गाठीचा आकार आणि आकाशातले दगड

मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीच्या, यंत्राची परीक्षा घ्यायला आम्ही संगणकात आभासी स्तन घडवतो. त्यावरून साताऱ्याच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं. त्या विचारतात, ‘तुमच्या संगणकातल्या स्तनात घालायला गाठ आणता कुठून? खऱ्या पेशंटच्या फिल्मवरून गिरवता?’

गिरवणारे आहेत. खऱ्या गाठीची कड आखायची, ती उचलायची आणि दुसऱ्या चित्रात बसवायची. पण मॅमोग्राम पडला सपाट, त्यात गाठीची खोली हाती लागत नाही. शिवाय संग्रहात असतील तेवढ्याच गाठी मिळणार. ‘व्हिक्टर’ या संगणकावर घेतलेल्या मॅमोग्राफी-चाचणीतल्या २,९८६ आभासी स्त्रियांपैकी ज्यांच्यात काटेरी गाठी घातल्या, त्यांच्या गाठी म्हणूनच गणितानं घडवलेल्या होत्या. आणि ते गणित आलंय चक्क खगोलशास्त्रातून!

फिनलंडचे खगोलशास्त्रज्ञ कारी मुइनोनेन १९९०च्या दशकात धूलिकण आणि लघुग्रहांवर काम करत होते. ओबडधोबड कणावर पडलेला प्रकाश कसा विखुरतो हे काढायचं, तर आधी तो ओबडधोबडपणाच गणितात मांडायला हवा. त्यांनी गोल घेतला आणि दर दिशेला त्याची त्रिज्या नशिबावर सोडली. मात्र शेजारच्या दिशांनी एकमेकींचं थोडं ऐकायचं. फार ऐकलं तर रताळ्यासारखा गुळगुळीत फुगवटा येतो, कमी ऐकलं तर सीताफळासारखी खवले-खवल्यांची साल.

शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत लुईस दे सिस्टेर्नेस आणि सहकाऱ्यांनी हाच गोळा गाठीचा गाभा म्हणून घेतला. गाभ्याच्या पृष्ठभागावरून काटे काढले. काट्याला फांदी, फांदीला उपफांदी, दर टप्प्याला जाडी कमी. लांबी, दिशा, कुठे फुटायचं, सगळं फाशांवर.

एवढा खटाटोप कशासाठी? क्ष-किरण अडवण्यात गाठ आणि दुग्धग्रंथींची ऊती यांच्यात फरक अगदी थोडा. दोन्ही पांढुरक्याच दिसतात. अशा वेळी रेडिओलॉजिस्टची नजर कडेवर असते. कड स्वच्छ, गोलसर असेल तर बहुधा निरुपद्रवी. कडेतून सगळीकडे रेघा फुटल्या असतील तर संशय बळावतो. आभासी गाठीची कडच चुकली, तर यंत्राची परीक्षा घेण्यात काय अर्थ?

माझा पहिला गोळा मी एका रेडिओलॉजिस्ट मित्राला मोठ्या हौसेनं दाखवला. काटे सगळीकडे सारख्या लांबीचे, सारख्या अंतरावर. पडदा बघून तो म्हणाला, ‘‘हे कदंबाचं फूल आहे रे. गाठ कुठाय?’’ मग मी निम्मे काटे छाटले, उरलेले वेडेवाकडे केले, दोन-तीन अर्ध्यावर तोडले. तेव्हा कुठे त्यानं चष्मा वर करून जवळून पाहिलं.

तरी त्याची एक तक्रार राहिलीच, आणि ती मला पटते. खरी गाठ आजूबाजूच्या ऊतीला आपल्याकडे ओढून घेते. दोरा ओढला की कापडाला चुण्या पडाव्यात, तशी भोवतालची ठेवण बिघडते. कधीकधी गाठ दिसतच नाही, चुण्या तेवढ्या दिसतात. आम्ही मात्र तेवढ्या जागेतले व्हॉक्सेल, म्हणजे ऊतीचे इवले ठोकळे, काढून तिथे गाठीचे ठोकळे ठेवतो. शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही. लघुग्रहाला कुठे शेजारी असतात!