फाइलच नाही, तर पकडायचे काय?

२५ जानेवारी २००३ च्या शनिवारी ‘स्लॅमर’ नावाचा वर्म, म्हणजे आपणहून पसरणारा घातक प्रोग्रॅम, इंटरनेटवर सुटला. त्याची लांबी होती ३७६ बाइट. युनिकोडमध्ये मराठी लिहायला घेतले, तर तेवढ्या जागेत जेमतेम दोन वाक्ये मावतात. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी बाधित संगणकांची संख्या दुप्पट होत गेली. ज्या संगणकांना त्याची बाधा होऊ शकत होती, त्यांतले सुमारे नव्वद टक्के त्याने दहा मिनिटांत गाठले. एकूण आकडा किमान ७५ हजार. बँक ऑफ अमेरिकाच्या हजारो एटीएममधून पैसे निघेनासे झाले, दक्षिण कोरियात इंटरनेट कोलमडले.

अँटिव्हायरस तेव्हाही घरोघरी आणि कचेऱ्यांत होते. त्यांचे मुख्य काम म्हणजे डिस्कवरच्या फाइली वाचायच्या आणि ओळखीच्या व्हायरसच्या खुणा, म्हणजे सिग्नेचर, त्यांत सापडतात का ते पाहायचे. स्लॅमरने डिस्कवर काही लिहिलेच नाही. तो नेटवर्कवरच्या एका पॅकेटमधून, म्हणजे माहितीच्या छोट्या गठ्ठ्यातून आला, मेमरीत बसला आणि तिथूनच पुढची पॅकेटे पाठवू लागला. तपासायला फाइलच नव्हती.

तो आत कसा शिरला, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर २०००’ मध्ये एक छोटी सेवा होती. नेटवर्कवरून कोणी अमुक नावाचा डेटाबेस कुठे आहे असे विचारले, की ती पत्ता सांगायची. विचारणेचा पहिला बाइट ४ असला, की पुढे नाव आहे असे धरून ती ते नाव मेमरीतल्या ठरावीक लांबीच्या जागेत उतरवून घ्यायची. नाव किती लांब आहे हे मात्र मोजायची नाही. स्लॅमरने नावाच्या ठिकाणी लांबलचक मजकूर पाठवला. नेमून दिलेली जागा भरली आणि उरलेला मजकूर शेजारच्या जागेवर लिहिला गेला. हातातले काम संपल्यावर प्रोसेसरने पुढे कुठे जायचे, तो पत्ता नेमका तिथे होता. पत्ता बदलला आणि प्रोसेसर वर्मच्या सूचना पाळू लागला. यालाच बफर ओव्हरफ्लो म्हणतात.

या साऱ्यात परका प्रोग्रॅम कुठेच नाही. चालू आहे तो मायक्रोसॉफ्टचाच, रीतसर बसवलेला प्रोग्रॅम. फक्त तो आता दुसऱ्याच्या हुकमात आहे. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीवरचा हल्ला म्हणजे वस्तू नव्हे, ती मेमरीत घडणारी घटना आहे. वस्तू ओळखायला शिकलेल्या अँटिव्हायरसला घटना ओळखायला शिकवणे, हे गेल्या वीस वर्षांतले या क्षेत्रातले सर्वांत मोलाचे काम, असे मला वाटते.

पहिली युक्ती निघाली ती हल्लेखोराऐवजी त्रुटीचेच वर्णन करण्याची. वर्म दर आठवड्याला नवे रूप घेऊ शकतो, पण शिरायची फट तीच राहते. मग नियम असा करायचा: १४३४ क्रमांकाच्या पोर्टवर पहिला बाइट ४ असलेली विचारणा आली आणि नाव मर्यादेपेक्षा लांब असले, तर पॅकेट टाकून द्या. आत काय लिहिले आहे ते पाहायची गरजच नाही. खरा वापरकर्ता एवढे लांब नाव पाठवत नाही, त्यामुळे निरपराध पॅकेट अडण्याची भीतीही फारशी नाही. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या हेलन वाँग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘शील्ड’ या नावाने ही कल्पना पद्धतशीर मांडली. आज अनेक सुरक्षा सॉफ्टवेअरमध्ये नेटवर्कवरून येणारा मजकूर असाच तपासला जातो, आणि असा नियम म्हणजे ‘व्हर्च्युअल पॅच’. मूळ प्रोग्रॅमला हात न लावता त्याच्यापर्यंत घातक मजकूर पोहोचू द्यायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पण त्रुटी कोणालाच माहीत नसली, तर तिचे वर्णन कुठून आणणार? तिथे हल्ल्याच्या तंत्राकडे पाहावे लागते. त्रुटी हजारो असल्या, तरी त्यांचा फायदा उठवण्याच्या रीती मोजक्याच आहेत. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने मेमरीतल्या माहितीच्या जागेतून सूचना चालवण्यावर बंदी आणली. स्लॅमरची रीत या बंदीपुढे चालली नसती. त्यावर हल्लेखोरांनी तोड काढली, आणि २००७ मध्ये होवाव शाखम या संशोधकाने तिची ताकद सिद्ध केली. वर्तमानपत्रातले शब्द कापून निनावी पत्र चिकटवावे, तसे मूळ प्रोग्रॅममधलेच सूचनांचे तुकडे हव्या त्या क्रमाने जोडायचे! म्हणून आजची सुरक्षा सॉफ्टवेअर मोक्याच्या क्षणी प्रश्न विचारतात. मेमरीचा हा भाग सूचना चालवण्याजोगा करा, अशी विनंती आली, तर ती रीतसर मार्गाने आली का? दस्तऐवज उघडणाऱ्या वर्डला अचानक पॉवरशेल हा विंडोजला थेट आज्ञा देणारा प्रोग्रॅम सुरू करायची गरज का पडावी? उत्तर पटले नाही, की प्रोग्रॅम तिथेच थांबवला जातो.

एवढे होऊनही १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभर फाइली कुलूपबंद केल्या. त्याने वापरलेल्या विंडोजमधल्या त्रुटीचा पॅच, म्हणजे ती बुजवणारी दुरुस्ती, १४ मार्चलाच आला होता. ही त्रुटी थेट विंडोजच्या गाभ्यात होती आणि एकेका प्रोग्रॅमवर नजर ठेवणारा पहारा तिथवर पोहोचत नाही. पॅकेट अडवणारे नियम ज्यांच्याकडे होते, तिथे ते कामी आले; इतरांना नंतर डिस्कवर उतरलेली फाइल किंवा एकामागून एक फाइली बदलण्याची लगबग पकडावी लागली. इंग्लंडमध्ये २३६ पैकी किमान ८१ सरकारी आरोग्य ट्रस्टना झळ बसली. दोष जुन्या एक्सपीला दिला गेला, पण तिथली बहुतेक बाधित यंत्रे विंडोज ७ ची होती. त्यांच्यासाठी पॅच तयार होता, फक्त बसवलेला नव्हता. रुग्णांच्या भेटी रद्द होण्याचे हे कारण मला आजही अस्वस्थ करते.

दीड महिन्याने, २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. त्याच्या तडाख्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. हा प्रकार अधिक कावेबाज होता. तीच त्रुटी तो वापरायचा, शिवाय एका यंत्राच्या मेमरीतून पासवर्ड उचलून पॅच केलेल्या यंत्रांतही शिरायचा. योग्य पासवर्डने आत येणाऱ्याला त्रुटीची गरजच नसते आणि त्रुटीसाठी लिहिलेला नियम त्याला अडवू शकत नाही.

आणखी एक गोष्ट क्वचितच चर्चेत येते. अँटिव्हायरस हेही सॉफ्टवेअरच आहे. अनोळखी, वाकड्यातिकड्या फाइली उलगडून वाचणे हेच त्याचे काम, आणि बफर ओव्हरफ्लो नेमके अशाच कामात होतात. वॉनाक्रायच्या अवघे चार दिवस आधी, ८ मे २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने स्वतःच्याच अँटिव्हायरस इंजिनमधली गंभीर त्रुटी बुजवली. ती गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या गटातल्या टॅव्हिस ऑर्मंडी आणि नताली सिल्व्हानोविच यांनी शोधली होती. घातक फाइल ईमेलने नुसती येऊन पोहोचली, तरी पुरे होते. वापरकर्त्याने ती उघडण्याआधीच अँटिव्हायरस ती तपासायला घेई आणि त्याच तपासणीत यंत्र हल्लेखोराच्या ताब्यात जाऊ शकत होते, तेही सर्वोच्च अधिकारांसह, कारण इंजिनला तेच अधिकार दिलेले होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे इंजिन सँडबॉक्समध्ये, म्हणजे अत्यल्प अधिकार असलेल्या बंदिस्त जागेत चालवण्याची सोय आणली. फाइल उलगडण्याचे जोखमीचे काम तिथे चालते. बाधित फाइल हटवण्यासारखे अधिकार लागणारे काम बाहेरची वेगळी प्रक्रिया करते.