काठीचा गुण की हाताचा?

‘‘सर, त्याची बॅट भारीतली आहे, म्हणून त्याचे रन होतात!’’ ही तक्रार आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते. ‘सराव कर’ एवढं सांगून मुलांचं समाधान होत नाही. मग मोजूनच पाहू या ना! त्यासाठी १८७५च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मलेला स्नूकरचा खेळ घेऊ.

स्नूकरच्या काठीला क्यू म्हणतात. हातानं क्यू बनवणारा कारागीर सरळ रेषांचं ॲश किंवा मेपलचं लाकूड निवडतो, रंध्यानं ते निमुळतं करतो आणि मागच्या बाजूला जड एबनी सांधतो. टोकाला चामड्याची टिकली असते. अशी काठी बरीच महाग पडते. ती घेतली की खेळ सुधारेल का?

समजा, पांढरा चेंडू दीड मीटर दूरच्या लाल चेंडूवर सरळ मारायचा आहे. दिशा फक्त ०.१ अंशानं चुकली, तर पांढरा चेंडू तिथे पोचेपर्यंत साधारण २.६ मिलिमीटर बाजूला गेलेला असतो. चेंडूचा व्यास ५२.५ मिमी, म्हणजे टक्कर होताना दोन्ही केंद्रांमधलं अंतरही तेवढंच. २.६ला ५२.५नं भागा. लाल चेंडूची दिशा जवळजवळ ३ अंशांनी बदलते! मूळ चूक सुमारे २८ पट झाली. पुढच्या एका मीटरमध्ये लाल चेंडू ५ सेंटिमीटर भरकटतो आणि खिसा हुकतो. काठीवरच्या दोन हातांत ८५ सेंटिमीटर अंतर असेल, तर ०.१ अंश म्हणजे मागचा हात जेमतेम दीड मिलिमीटर सरकणं. हे सरकणं कोणताही कारागीर थांबवू शकत नाही.

मग काठीला काहीच महत्त्व नाही का? तसंही नाही. चेंडूला फिरकी देण्यासाठी टोला मध्याच्या डावी-उजवीकडे मारतात. तेव्हा चेंडू काठीच्या रोखानं न जाता किंचित विरुद्ध बाजूला जातो. किती जातो, हे काठीच्या पुढच्या टोकाच्या वजनावर बरंचसं अवलंबून असतं. म्हणून प्रत्येक काठीची सवय वेगळी. खेळाडूला ‘उत्तम’ काठीपेक्षा ‘ओळखीची’ काठी हवी असते, ती यासाठी.

स्टीफन हेंड्री १९९० ते १९९९ या काळात सात वेळा जगज्जेता झाला, तो एका स्वस्तातल्या काठीवर. २००३ साली विमानप्रवासात ती मोडली. त्याच वर्षी त्यानं नव्या काठीनं ब्रिटिश ओपन जिंकली. ओळख मोडली, हात शाबूत होता.

शाळेत स्नूकरचं टेबल नसतं, पण कॅरम असतो. दोन स्ट्रायकर घ्या, एक महाग, एक साधा. सोंगटी ठरलेल्या जागी ठेवून चार मुलांना प्रत्येकानं दहा-दहा वेळा दोन्हींनी मारायला सांगा. कोणता स्ट्रायकर महाग, ते मात्र सांगू नका. मग फळ्यावर तक्ता मांडा: एकाच मुलाच्या दोन आकड्यांत फरक जास्त, की मुलामुलांमध्ये? सोंगटी लांब ठेवली तर काय होतं?

उत्तर आधी सांगू नका. साध्या स्ट्रायकरवाल्या मुलाला ते तक्त्यातून स्वतः वाचू दे.