विसाव्याचे दोन दिवस

ऑस्ट्रेलियात शहरातली माणसं सुट्टीत शेतावर मुक्कामाला जातात. आपल्याकडेही ही रीत रुजते आहे. २०२० मध्ये राज्य शासनानं कृषी पर्यटनाचं धोरण आणलं.

आपला हिंगोली जिल्हाच घ्या. दोन दिवसांचा विसावा हवा असेल तर डिसेंबर-जानेवारी निवडा. ऊन कोवळं, वाटा कोरड्या, धरणात पाणी. नांदेड किंवा अकोल्याहून रेल्वेनं येता येतं. पहिल्या दिवशी औंढ्याचं नागनाथ मंदिर. त्याच्या भिंतींवरची शिल्पं निवांत पाहा. संध्याकाळी पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाचा काठ. दुसऱ्या दिवशी कयाधूकाठचं नर्सी, संत नामदेवांचं गाव. एवढंच. आणखी चार ठिकाणं कोंबली की विसावा संपतो आणि धावपळ सुरू होते.

मुक्काम शेतात करायचा असेल, तर शेतकऱ्याला आधी विचारा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिची काढणी, शिजवणी उन्हाळ्याच्या तोंडाशी चालते. तेव्हा घरात कुणालाच मान वर करायला फुरसत नसते. तो दरवळ घ्यायला जरूर जा, पण पाहुणचाराची अपेक्षा घरी ठेवून. एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढ असते. आपली एक आंघोळ म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावरचे दोन हंडे. जेवणाचे पैसे आधीच ठरवा, संकोच नको. भाकरी थापणाऱ्या बाईचा दिवस त्यात गेलेला असतो.

आपल्या विसाव्यापायी तिची दमछाक वाढली, तर त्याला विसावा कसं म्हणायचं?