ज्या तारखेची ओळच नाही

रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५ रोजी रेपो दर ६.२५ टक्के केला, ९ एप्रिलला ६ टक्के आणि ६ जूनला ५.५ टक्के. दरांच्या तक्त्यात या चार महिन्यांच्या एवढ्याच तीन ओळी. दुसऱ्या तक्त्यात समजा गृहकर्जं आहेत, प्रत्येकापुढे मंजुरीची तारीख. त्यातलं एक कर्ज २० मार्चचं. त्या दिवशी रेपो दर किती होता? दरांच्या तक्त्यात २० मार्चची ओळच नाही! तरी आपण चटकन सांगतो, ६.२५. कारण ७ फेब्रुवारीची ती एकच ओळ ९ एप्रिल उजाडेपर्यंतच्या प्रत्येक दिवसाला लागू असते.

संगणकाला हे शब्दांत नेमकं सांगावं लागतं. नुसतं ‘तारीख जुळव’ म्हटलं, तर हाती काहीच लागत नाही. ‘सर्वांत अलीकडची आण’ म्हटलं, तर तो ६ जूनची आणतो आणि मार्चच्या कर्जाला जूनचा दर चिकटतो. म्हणून अटी दोन: २० मार्चच्या पुढची एकही तारीख घ्यायची नाही, आणि उरलेल्यांतली सर्वांत मोठी निवडायची. मला पहिली अट जास्त मोलाची वाटते. जे तेव्हा घडलंच नव्हतं, ते तीच हिशेबाबाहेर ठेवते.

‘शेवटची ओळ घे’ असंही म्हणता येत नाही. आयबीएममधले एडगर कॉड यांनी १९७० साली तक्त्यांची जी मांडणी सुचवली, तिच्यात ओळींच्या क्रमाला अर्थच नसतो. अलीकडचं कोण, हे तारखेनेच सांगायचं. एक्सेलमध्ये तर तारीख आतून निव्वळ आकडा असते. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि महाराष्ट्राच्या स्थापनेचा १ मे १९६० म्हणजे २२०३७. तारीख मजकूर म्हणून भरली गेली, की मात्र घात होतो: ‘२०-०३’ ही ‘०९-०४’च्या नंतरची ठरते, कारण २ हा ०पेक्षा मोठा.

खरी नवलाई शोधण्यात आहे. तारखा क्रमाने लावलेल्या असतील, तर यंत्र मधली तारीख पाहतं, नको तो अर्धा भाग सोडतं, उरलेल्याची मधली पाहतं. हवी ती तारीख नसेल, तर ती जिथे असायला हवी होती तिथेच शोध येऊन थांबतो, आणि लगतची आधीची ओळ हेच उत्तर असतं. न सापडण्यातूनच सापडतं! एक कोटी ओळींसाठी जास्तीत जास्त २४ तुलना पुरतात. ओळी शंभर पट वाढवून १०० कोटी केल्या, तरी आणखी लागतात फक्त ६.