जुना ट्रॅक्टर दारात आला. पण तो नेमका आहे कोणता?

नागपूर : पऱ्हाटी निघाली, तुरीचे पैसे हातात आले की तालुक्या-तालुक्यात जुन्या ट्रॅक्टरचे सौदे सुरू होतात. नवा घ्यायची ऐपत नाही, भाड्याचा वेळेवर येत नाही, म्हणून तीस-चाळीस वर्षांचं यंत्र दारात उभं राहतं. हळद-कुंकू लागतं, नारळ फुटतो. आठ दिवसांनी सुटा भाग आणायला दुकानात गेलं की दुकानदार विचारतो, "मॉडेल कोणतं?" आणि घेणारा म्हणतो, "लाल आहे."

लाल म्हणजे काहीच नाही. जुना महिंद्रा लाल, मॅसीही लाल, आणि रंगाचा डबा तर गावातच मिळतो. बोनेट, मडगार्ड, दिवे हे भंगारातून आणून कोणत्याही ट्रॅक्टरवर बसवले जातात. त्यामुळे बोनेटवरचं नाव हा पुरावा समजू नये.

ओळख पटवायची तर आधी इंजिनाकडे पाहा. डिझेल पंपातून इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्या मोजा. जितक्या नळ्या तितके सिलिंडर. चार असतील आणि ट्रॅक्टर जुना लाल असेल, तर तो बी-२७५ असण्याची शक्यता मोठी. हे मॉडेल मूळचं इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचं, इंग्लंडमध्ये बनणारं. १९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून भारतात कंपनी काढली, ती १९७७ मध्ये महिंद्रात विलीन झाली. म्हणून खूप जुन्या बी-२७५ वर 'इंटरनॅशनल' लिहिलेलं सापडतं, नंतरच्यावर 'महिंद्रा'. दोन नावं दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आपल्या हिंगणा एमआयडीसीतच असल्यानं या जिल्ह्यात या घराण्याची जुनी यंत्रं ओळखणारे मिस्त्री अजून भेटतात.

नळ्या तीन असतील तर मॅसी १०३५ चा विचार करावा. दोन असतील तर एचएमटी २५११ किंवा स्वराज ७२४. पुढे रेडिएटरच नसेल आणि एकच सिलिंडर धडधडत असेल, तर तो आयशरचा हवेनं थंड होणारा जुना ट्रॅक्टर. त्यात पाणी कुठे टाकायचं म्हणून शोधत बसू नका.

इथे एक गैरसमज हमखास होतो. मॅसीच्या इंजिनावर 'सिम्पसन' दिसतं, जुन्या स्वराजच्या इंजिनावर 'किर्लोस्कर'. लगेच कुणीतरी म्हणतं, "भाऊ, इंजिन बदललं हो, फसवलं तुम्हाले." तसं नसतं. ती इंजिनं कंपनीनंच बाहेरून घेऊन बसवलेली असतात. इंजिन खरंच बदललं आहे का, हे नावावरून कळत नाही, नंबरावरून कळतं.

कोणता नंबर खरा?

डिझेलचा बोळा आणि तारेचा ब्रश घेऊन इंजिनाचा ब्लॉक स्वच्छ केला की दोन प्रकारचे आकडे दिसतात. काही वर उठलेले, बोटाला लागणारे. काही खोल ठोकलेले. उठलेले आकडे ओतीव कामातच आलेले असतात. तो त्या भागाचा नंबर, त्या साच्यातून निघालेल्या सगळ्या ब्लॉकवर तोच. इंटरनॅशनलच्या भागांवर तर अशा नंबराच्या शेवटी इंग्रजी आर आणि एक आकडा असतो. सुटे भाग जुळवायला तो कामाचा आहे, पण तो इंजिन नंबर नव्हे. आरसी बुकात असतो तो ठोकलेला नंबर. अनेक जण घाईत उठलेला नंबर आरसीशी ताडून पाहतात, जुळत नाही म्हणून सौदा मोडतात. काही जण उलटं करतात, काहीच ताडत नाहीत.

चेसिस नंबरचंही तसंच. ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. इंजिन, क्लचचं घर आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टनं जोडून त्याचाच सांगाडा होतो. त्यामुळे नंबर कुठे क्लचच्या घरावर, कुठे गिअरबॉक्सच्या बाजूला, कुठे पुढच्या सपोर्टवर असतो. पत्र्याच्या पट्टीवर असेल तर तेवढ्यावर विसंबू नका, पट्टी दोन रिबिटांवर असते. लोखंडात ठोकलेला शोधा. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. ती जागा ग्राइंडरनं घासलेली दिसली किंवा आकडे वाकडेतिकडे, नव्यानं ठोकलेले वाटले, तर पैसे मोजण्याआधी आरटीओत जा. पैसे देऊन झाले असतील तरीही जा.

कागद नावावर नाही, तर ट्रॅक्टरही नाही

गाडी नंबर पाहूनही बरंच कळतं. एमएच-४० म्हणजे नागपूर ग्रामीण, एमएच-३१ आणि एमएच-४९ म्हणजे शहर. तीन इंग्रजी अक्षरांचा, एमएच-३१ असा जिल्ह्याचा आकडा नसलेला नंबर असेल तर नोंदणी १९८९ च्या आधीची. नोंदणीची मुदत १५ वर्षं असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. जुन्या ट्रॅक्टरांत हे राहून गेलेलं असतं आणि त्याचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडतो. सौद्यातच ते धरून घ्या.

विकणाऱ्यानं फॉर्म २९ आणि ३० वर सही द्यायची. त्यानं आरटीओला १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. विमा कंपनीलाही १४ दिवसांत कळवावं लागतं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला लागतो, कर्ज वीस वर्षांपूर्वी फिटलेलं असलं तरी. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं म्हणजे झालं, असं समजणारे गावोगावी आहेत. पण अपघात झाला तर आरटीओच्या दफ्तरी ज्याचं नाव, तोच मालक धरला जातो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या निकालात हेच सांगितलं आहे. म्हणजे विकून मोकळा झालेला माणूसही मोकळा नसतो.

वावरात नेण्याआधी

बी-२७५ सारख्या जुन्या इंग्रजी बनावटीला इंची बोल्ट असतात, एचएमटीला मिलिमीटरचे, कारण तो मूळचा चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचा. मिलिमीटरचा पाना इंची बोल्टवर बसल्यासारखा वाटतो आणि डोकं गोल करून टाकतो. बॅटरी काढताना कोणतं टोक बॉडीला जोडलेलं आहे ते लिहून ठेवा, काही जुन्या यंत्रांत ते उलटं असतं.

रोटाव्हेटर चालवायचा असेल तर क्लच दाबून पाहा. क्लच हळूहळू दाबताना चाकांबरोबरच पीटीओही थांबत असेल तर सिंगल क्लच आहे. अशा ट्रॅक्टरवर दर वेळी गिअर बदलताना रोटाव्हेटर थांबणार. नांगरणी-वखरणीला, बंडीला तो उत्तम चालतो, रोटाव्हेटरसाठी मात्र घेऊ नये. पीटीओवरचं झाकण बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत गायब असतं. ते आधी बसवा, दुपट्टा नाहीतर धोतराचा सोगा ओढला जायला क्षण पुरतो. डावा-उजवा ब्रेक जोडणारी कडी शाबूत आहे का, तेही पाहा. रस्त्यावर ती लावलेली नसेल आणि एकच पाय दाबला गेला, तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

आणि स्टार्टर. चावी बिघडली की खाली उभं राहून स्टार्टरच्या दोन टोकांना पेचकस लावून चालू करायची सवय अनेकांना आहे. अशा जुन्या यंत्रांत गिअरमध्ये असतानाही इंजिन चालू होतं आणि मोठं चाक उभ्या माणसाच्या अंगावरून जातं. वायरिंगचं काम थोड्या पैशांत होतं. ते करून घ्या, मग वावरात न्या.