साखरेमागचा माणूस दाखविणारा इतिहास

सकाळच्या चहात आपण साखर घालतो, पण ती कोणी पिकविली हे विचारीत नाही. अठराव्या शतकात युरोपातल्या श्रीमंतांच्या घरी येणारी साखर कॅरिबियन बेटांवर तयार होई. तिच्यामागे हात होते आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेल्या गुलामांचे. त्या काळचा इतिहास म्हणजे बहुधा राजे आणि त्यांच्या लढाया. त्यात गुलामाला जागा कुठली?

१७७० साली असा इतिहास निघाला, ज्यात ही जागा होती. युरोपीयांनी आशियात आणि अमेरिकेत केलेल्या व्यापाराचा व वसाहतींचा हा ६ खंडांचा ग्रंथ. पहिल्या आवृत्तीवर लेखकाचे नावच नव्हते! तो सिद्ध केला होता फ्रान्सचे माजी पाद्री गियोम रेनाल यांनी. त्यात अनेकांचे लेखन होते. तत्त्वज्ञ दिदरो यांचा वाटा मोठा. गोव्यातले पोर्तुगीज, बंगालमधली ईस्ट इंडिया कंपनी यांचीही त्यात झाडाझडती होती. व्यापाराची माहिती, प्रवासाच्या हकिकती आणि जुलमाविरुद्धची चीड एकत्र आल्यामुळे सामान्य वाचकही त्यावर तुटून पडला.

१७७२ साली फ्रान्समध्ये ग्रंथावर बंदी आली. तरी परदेशात छापलेल्या प्रती चोरवाटेने येत राहिल्या. १७८० च्या आवृत्तीवर रेनाल यांनी आपले नाव आणि चित्रही छापले. मे १७८१ मध्ये पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयाच्या हुकुमाने जल्लादाच्या हातून ग्रंथ जाळण्यात आला. अटकेचा हुकूम निघाल्याने रेनाल देश सोडून गेले. ग्रंथाच्या आवृत्त्या मात्र निघतच राहिल्या.

हा ग्रंथ निर्दोष होता असे आम्ही म्हणणार नाही. गुलामगिरीचा धिक्कार करणाऱ्या त्याच ग्रंथात मळेवाल्यांना गुलाम कसे सांभाळावेत याचे सल्लेही आहेत. मुक्ती ग्रंथाने दिली नाही. १७९१ साली सँ-दोमँग बेटावरचे गुलाम स्वतःच उठले आणि लढले. १७९४ साली फ्रान्सला आपल्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द करावी लागली. १८०२ साली नेपोलियनने ती पुन्हा लादू पाहिली, तेव्हा ते पुन्हा लढले. १८०४ साली तिथे स्वतंत्र हैती उभे राहिले.

व्हर्सायच्या संग्रहालयात १७९७ सालचे एक चित्र आहे. त्यात एकेकाळचे गुलाम आणि पुढे फ्रान्सच्या संसदेचे सभासद झालेले झाँ-बाप्तिस्त बेले ताठ मानेने उभे आहेत. शेजारी रेनाल यांचा पुतळा, आणि बेले त्याला रेलून. मुलांना हे चित्र जरूर दाखवावे. पुस्तक टेकायला होते. उभे राहिले ते स्वतःच्या पायांवर.