उत्तरपत्रिका किती दिवस जिवंत असते?

विद्यापीठाचं दप्तर : लेखांक अकरावा

माहिती अधिकारातल्या दुसऱ्या अपिलाबद्दल लिहायचं मागे कबूल केलं होतं, पण ते आज नाही. मधेच एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि त्यातल्या एका ओळीने मला आठवडाभर स्वस्थ बसू दिलं नाही. त्यांच्या मुलीने बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका पेपरची आपलीच उत्तरपत्रिका माहिती अधिकारात मागितली. निकाल लागून तेव्हा आठ महिने झाले होते. उत्तर आलं, ‘सदर उत्तरपत्रिकांची निंदणी करण्यात आली असल्याने माहिती उपलब्ध नाही.’ निंदणी म्हणजे कागद रीतसर नष्ट करणं. बाई विचारतात, कागद वीस वर्षं ठेवावेच लागतात ना?

नाही, लागत नाहीत. हा समज माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) वरून पसरला आहे. वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती मागितली, तर कलम ८(१) मधली बहुतेक कारणं पुढे करून ती नाकारता येत नाही, एवढंच ते कलम सांगतं. कागद असेल तर द्या, असं त्याचं म्हणणं. तो वीस वर्षं सांभाळा, असं ते कुठेही म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही हे २०११ साली स्वच्छ सांगितलं, आणि तेही उत्तरपत्रिकांच्याच प्रकरणात.

त्या निकालाची गोष्ट माझ्या आवडीची आहे, आणि तिची सुरुवात पुण्यातून होते. आपल्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या १९७७ च्या विनियमांत लिहिलेलं होतं की गुणांची पडताळणी करून मिळेल, पण उत्तरपत्रिका पाहायला मिळणार नाही आणि पुन्हा तपासलीही जाणार नाही. विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. मंडळ दिल्लीला गेलं. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचा नियम उचलून धरला. लाखो उत्तरपत्रिका अशा उघड्या करत बसलं तर निकाल कधी पक्काच होणार नाही, असा त्यामागचा विचार. पुढची पंचवीसेक वर्षं देशभरची मंडळं आणि विद्यापीठं या निकालाच्या आडोशाला निवांत होती.

मग २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. वाटलं, आता दारं उघडतील. पण एप्रिल २००७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या पूर्णपीठानेच अशा उत्तरपत्रिका द्यायला नकार दिला. परीक्षा घेणारी संस्था आणि परीक्षक यांच्यात विश्वासाचं नातं असतं, म्हणून ही माहिती कलम ८(१)(ङ) खाली येते, असं आयोगाचं म्हणणं. पारदर्शकतेसाठी जन्माला आलेल्या आयोगाने हे म्हणावं!

त्याच वर्षी कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने कलकत्ता विद्यापीठाकडे आपली उत्तरपत्रिका मागितली. विद्यापीठाने नकार दिला. मुलगा उच्च न्यायालयात गेला. मार्च २००८ मध्ये एकसदस्य पीठाने आणि फेब्रुवारी २००९ मध्ये खंडपीठाने त्याच्या बाजूने कौल दिला. मग या वादात सीबीएसई, पश्चिम बंगालची मंडळं, सनदी लेखापालांची संस्था असे सगळेच आले, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. रवींद्रन व न्या. पटनायक यांनी निकाल दिला. तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे. ती ज्याने लिहिली त्याच्यापासून ती विश्वासाच्या नात्याने लपवण्याचा प्रश्नच येत नाही. १९८४ चा निकाल तेव्हाच्या नियमांवर होता. माहिती अधिकाराचं कलम २२ अशा नियमांच्या वर बसतं. परीक्षक, नियामक यांची नावं, सह्या, सांकेतिक क्रमांक मात्र झाकायचे, कारण कलम ८(१)(छ) प्रमाणे त्यांच्या जिवाला धोका होऊ शकतो. आणि उत्तरपत्रिका पाहायला मिळाली म्हणून पुनर्मूल्यांकनाचा हक्क आपोआप मिळत नाही.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. त्याच निकालातला पुढचा भाग मात्र वाचला जात नाही. सीबीएसईच्या नियमात उत्तरपत्रिका तेव्हा तीन महिने ठेवायच्या होत्या. न्यायालय म्हणालं, मग हक्कही तेवढ्याच मुदतीचा. नियमाप्रमाणे कागद गेला की मागण्यासारखं काही उरत नाही. म्हणून मी भेटेल त्या विद्यार्थ्याला सांगतो की आधी कायद्याचं पुस्तक नको, निंदणीची मुदत शोध.

आता थोडं या निंदणीबद्दल, कारण दप्तराच्या या कोपऱ्यात मला जरा जास्तच रस आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेरीत कागदाला वर्ग असतो. ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ पाच-दहा वर्षांचा आणि ‘ड’ वर्षभराचा. मुदत संपली की यादी करायची, वरिष्ठांची मंजुरी घ्यायची, नोंदवहीत लिहायचं आणि मगच कागद नष्ट करायचा. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयातल्या कागदांचे सहा गठ्ठे पाडायची पद्धत बसवली. ‘सहा गठ्ठे’ हा शब्द आजही जुन्या कारकुनांच्या तोंडी असतो. त्यातला एक गठ्ठा खास नष्ट करायच्या कागदांचा. कागद फेकणं हेसुद्धा शिस्तीचं, नोंद ठेवून करायचं काम आहे, हे लखिनांना नेमकं कळलं होतं.

विद्यापीठं महसूल खात्याची नाहीत. उत्तरपत्रिका किती काळ ठेवायच्या हे त्यांच्या स्वतःच्या नियमांत, ठरावांत किंवा परिपत्रकांत असतं, आणि ते प्रत्येक ठिकाणी वेगळं. पण तत्त्व तेच. उत्तरपत्रिका नष्ट केली असेल तर ती कोणत्या नियमाने, कोणाच्या मंजुरीने, कोणत्या तारखेला, याचा कागद असायलाच हवा. उत्तरपत्रिका गेली तरी ती गेल्याचा कागद राहतो, आणि तोही ‘माहिती’च आहे.

म्हणून त्या बाईंना माझं सांगणं असं. मुलीने जोडपत्र ‘अ’ मध्ये नवा अर्ज करावा. विषय एकच ठेवावा, ‘अमुक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे जतन व निंदणी’. खाली तीन मागण्या: जतनाचा कालावधी ठरवणाऱ्या नियमाची किंवा परिपत्रकाची प्रत, निंदणीला मंजुरी दिल्याच्या आदेशाची प्रत, आणि निंदणी नोंदवहीतल्या संबंधित पानाची प्रत. आपल्या राज्यात २०१२ पासून अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, तेव्हा गाऱ्हाणं सांगत बसू नये. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं. कारण विचारलं तर ते सांगायचं बंधन नाही, कलम ६(२) तसंच म्हणतं. प्रतींऐवजी नोंदवही डोळ्यांनी पाहायची असेल तर तशी पाहणी मागता येते. पहिला तास फुकट, पुढे दर पंधरा मिनिटांना पाच रुपये. मला तर पाहणीच जास्त आवडते. नोंदवहीच्या मागच्या-पुढच्या पानांवरूनच कळतं की नोंद वेळच्या वेळी झाली की अर्ज आल्यावर घाईने.

आता निकाल ज्यांचे नुकतेच लागलेत त्यांच्यासाठी. विद्यापीठाची स्वतःची छायांकित प्रत देण्याची सोय असते, तिचं शुल्क वेगळं आणि मुदत थोड्या दिवसांची. माहिती अधिकाराची वाट त्याहून वेगळी आहे. कंपनी सचिवांच्या संस्थेच्या प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संस्थेच्या योजनेतून प्रत मागितली तर योजनेचं शुल्क, माहिती अधिकारातून मागितली तर त्या कायद्याचं शुल्क. आपल्याकडे ते पानाला दोन रुपये पडतं. तरीही पुनर्मूल्यांकन करायचं असेल तर विद्यापीठाच्याच दाराने जावं. माहिती अधिकारी तीस दिवस घेऊ शकतो आणि तोवर पुनर्मूल्यांकनाची मुदत कधीच उलटून गेलेली असते. पैसे वाचतील, वर्ष जाईल.

कोणी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या बाजूने लागलेला सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल दाखवून अर्ज फेटाळला तर गडबडू नका. तो फेब्रुवारीत आला, नागरी सेवा परीक्षेबद्दल. त्याच वर्षी जुलैत न्या. शरद बोबडे आणि न्या. नागेश्वर राव यांच्या पीठाने उत्तर प्रदेशच्या आयोगाला उमेदवाराला त्याच्या उत्तरपत्रिका दाखवायला लावल्या होत्या. पहिल्या अपिलात दोन्ही निकाल शेजारी मांडावेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कलम २० मध्ये दंडाची जी कारणं दिली आहेत त्यात मागितलेली माहिती नष्ट करणं हेही एक आहे. म्हणजे अर्ज पोचल्यानंतर ती उत्तरपत्रिका निंदणीच्या गठ्ठ्यात गेली, तर ‘नियमाप्रमाणे नष्ट केली’ एवढ्यावर सुटका नाही. दंड २५,००० रुपयांपर्यंत जातो. अर्जातच एक वाक्य घालावं, ‘प्रकरण निकाली निघेपर्यंत सदर उत्तरपत्रिका नष्ट करू नये.’

तेव्हा निकालाची तारीख, पोचेची तारीख आणि निंदणीची तारीख एका कागदावर मांडून ठेवा. पोच आधीची आणि निंदणी नंतरची निघाली तर तुमच्या हातात प्रकरण आहे. फक्त हा दंड प्रथम अपिलीय अधिकारी लावू शकत नाही, तो अधिकार माहिती आयोगाचा. तिथवर जायला पहिल्या अपिलाच्या निर्णयापासून नव्वद दिवस असतात. ते कसे वापरायचे, हे पुढच्या आठवड्यात. दुसरं पत्र आलं नाही तर.